राज्यपालांचं नाव, मुख्यमंत्र्यांचा निर्णय

२०२३ च्या उन्हाळ्यात नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात एक काका भेटले. हातात शासन निर्णयाची प्रत, घडी पडून पडून मधोमध फाटायला आलेली. कांदा अनुदानाचा जीआर होता. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या दोन महिन्यांत लेट खरीपाचा लाल कांदा विकलेल्या शेतकऱ्यांना क्विंटलमागे ३५० रुपये, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. काकांनी कांदा विकला होता, बाजार समितीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, त्याही जपून ठेवल्या होत्या. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती आणि तिथंच अर्ज अडकला होता.

मी बरीच वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्यानं "सरांना विचारा" म्हटलं आणि काकांनी जीआरचं शेवटचं पान माझ्यापुढं धरलं. मजकूर संपतो तिथं एक ओळ होती, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. तिच्याखाली मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी.

"सर, आदेश राज्यपालांचा आहे ना? मग माझी तक्रार मलबार हिलच्या राजभवनाला पाठवू का? मुख्यमंत्री तर विधानसभेत नुसते बोलले होते. कागद काढला तो राज्यपालांनी."

प्रश्न अगदी रास्त होता. वर्गात तीस वर्षं "राज्यपाल हे राज्याचे नामधारी प्रमुख असतात" हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो. पण त्या वाक्यातून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. नामधारी असतील तर नाव त्यांचं का? आणि नाव त्यांचं असेल तर निर्णय त्यांचा कसा नाही? त्या दिवशी काकांना जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

ती एक ओळ कुठून आली?

राज्यघटनेच्या कलम १५४ नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे असतो. कलम १६६ सांगतं की सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानं व्यक्त करायची. म्हणून शाळेच्या अनुदानापासून तलाठ्याच्या पदनिर्मितीपर्यंत प्रत्येक जीआरच्या तळाशी ती ओळ असते. बहुतेक वेळा राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. पाहावा अशी अपेक्षाही नाही. सही करणारा उपसचिव किंवा अवर सचिव राज्यपालांच्या नावानं सही करतो, कारण त्याला तसा अधिकार नियमांनी दिलेला असतो.

मग ठरवतं कोण? ते कलम १६३ मध्ये आहे. राज्यपालांना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, असं ते म्हणतं. ‘सल्ला’ हा शब्द इथं फसवा आहे. शेजाऱ्यानं दिलेला सल्ला आपण ऐकतो किंवा सोडून देतो. मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांना सोडून देता येत नाही. शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हे स्पष्ट केलं. घटनेनं ज्या थोड्या बाबी राज्यपालांच्या विवेकावर सोडल्या आहेत तेवढ्या वगळता बाकी सगळीकडे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच त्यांनी वागायचं.

नाशिककरांना समजावताना मी सरकारवाड्याचा आधार घेतो. सराफ बाजारातल्या त्या वाड्यातून पेशव्यांचा इथला कारभार चाले. पेशवेपदाची वस्त्रं मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. ती आल्याशिवाय पुण्यातला पेशवा पेशवा होत नसे, आणि वस्त्रं दिली म्हणून सातारकर नाशिकचा महसूल ठरवत नसत. मान एकीकडे, कारभार दुसरीकडे, ही रचना आपल्या मातीला नवी नाही. पण उदाहरण इथवरच चालतं. पेशव्याला जाब विचारणारी सभा नव्हती. मुख्यमंत्र्यांना आहे. कलम १६४ म्हणतं की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. मुख्यमंत्र्याला वस्त्रं राज्यपाल देतात, पण ती टिकतात विधानसभेतल्या माना मोजून.

काकांचं अनुदानच घ्या. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ते विधिमंडळात जाहीर केलं. आधी ३०० रुपये, मग वाढवून ३५०. निर्णय सरकारचा. पैसा राज्याच्या तिजोरीतला, त्याच्या खर्चाला मंजुरी देणार विधिमंडळ. जीआर काढला सहकार व पणन विभागानं. नाव राज्यपालांचं. चार ठिकाणी चार धागे, आणि काकांच्या हातात आलेल्या कागदावर त्यातला सगळ्यात दूरचा धागा ठळक दिसत होता.

राज्यपाल खरेच राज्य करत होते तेव्हा

नाव असं वर राहिलं त्याला इतिहास आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नाशिक इंग्रजांकडे गेलं. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले, ते १८२७ पर्यंत. त्या काळातला गव्हर्नर नामधारी नव्हता. तो लंडनला उत्तरदायी, इथल्या रयतेला नाही. जिल्ह्यातला कलेक्टर त्याचा हात. आजच्या ‘राज्यपालांच्या आदेशानुसार’ या भाषेत त्याच जुन्या हुकमाची छाया आहे.

बदल झाला तो १९३५ च्या कायद्यानं. १९३७ मध्ये निवडणुका झाल्या, प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळं आली. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा ‘प्राइम मिनिस्टर’ म्हणत. पण त्या कायद्यानं गव्हर्नरकडे ‘विशेष जबाबदाऱ्या’ ठेवल्या होत्या, म्हणजे वाटेल तेव्हा मंत्रिमंडळाला बाजूला सारण्याची सोय. मुंबई प्रांतात काँग्रेसला यश मिळूनही तिनं लगेच सत्ता घेतली नाही. गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असं आश्वासन आधी द्या, ही मागणी होती. मधल्या काळात साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ एप्रिल ते जुलै १९३७ असं जेमतेम साडेतीन महिने चाललं. मग बाळ गंगाधर खेर आले. १९३९ मध्ये भारताला न विचारता महायुद्धात ओढलं म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि त्याच कायद्याच्या कलम ९३ खाली १९४६ पर्यंत गव्हर्नरची राजवट चालली.

राज्यपालांनी मंत्रिमंडळाचं ऐकायचं की नाही हा आज टीव्हीवर रंगणारा वाद १९३७ मध्येही तोच होता. घटना लिहिताना १९३५ च्या कायद्याचा बराच साचा उचलला गेला. कलम ९३ ची सावली पुढं कलम ३५६ वर, म्हणजे राष्ट्रपती राजवटीवर पडली.

घटना समितीत एक मोठा पर्याय चर्चेत होता, राज्यपाल थेट लोकांनी निवडून द्यावा. तो मागे पडला, कारण लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेनं निवडलेला मुख्यमंत्री, दोघंही "मला जनतेनं पाठवलंय" म्हणत समोरासमोर उभे राहिले असते. म्हणून राष्ट्रपतींनी नेमणूक करायची असं ठरलं. १९४९ च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या विवेकानं किंवा मर्जीनं करायचं असं काम राज्यपालाला नाही, पण कर्तव्यं आहेत. मंत्रिमंडळाला सल्ला देणं, सावध करणं, एखाद्या गोष्टीचा फेरविचार करायला सांगणं. कोणत्याही एका पक्षाचा नव्हे तर राज्यातल्या सगळ्या जनतेचा प्रतिनिधी म्हणून त्यानं हे करावं. कलम १६७ त्याला पूरक आहे. कारभाराची माहिती राज्यपालांना देणं हे मुख्यमंत्र्यांचं कर्तव्य आहे, आणि माहिती मागण्याचा हक्क राज्यपालांना आहे.

मुख्यमंत्री कसा ठरतो

घटनेत मुख्यमंत्रिपदाच्या निवडणुकीबद्दल एक अक्षर नाही. ‘मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतील’ एवढंच आहे. प्रत्यक्षात तो ठरतो आमदारांच्या बैठकीत. नाशिक जिल्ह्याला हे चांगलं ठाऊक असायला हवं, कारण मुख्यमंत्रिपद आपल्या जिल्ह्याच्या दाराशी येऊन परत गेलं ते अशाच एका बैठकीत. १९५६ मध्ये मराठी आणि गुजराती मुलखाचं मिळून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य होणार होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई बाजूला झाले आणि काँग्रेस विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाण आणि मालेगावचे भाऊसाहेब हिरे यांच्यात लढत झाली. यशवंतराव जिंकले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले. तेव्हा राज्यपाल होते श्रीप्रकाश. नाशिक जिल्ह्यातून आजवर एकही मुख्यमंत्री झालेला नाही.

यशवंतरावांचं नाशिकशी नातं मात्र पुढं वेगळ्याच वाटेनं जुळलं. चीनच्या युद्धात नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं. १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं तेही नाशिकमध्येच.

मुख्यमंत्रिपदी त्यांच्यानंतर मारोतराव कन्नमवार आले. नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. मुख्यमंत्र्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, कारण मुख्यमंत्री गेला की त्याचं मंत्रिमंडळही संपतं. पक्षाला नवा नेता निवडायला वेळ हवा होता. म्हणून पी. के. सावंत यांच्याकडे काही दिवस सूत्रं गेली आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक आले. तेव्हा राज्यपाल होत्या विजयालक्ष्मी पंडित, महाराष्ट्राच्या आजवरच्या एकमेव महिला राज्यपाल. मुख्यमंत्रिपदावर तर महाराष्ट्रात अजून एकही स्त्री बसलेली नाही. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त काळ राहिले. विधानसभेची पाच वर्षं एकाच मुख्यमंत्र्यानं पूर्ण करणं हे त्यांच्यानंतर थेट देवेंद्र फडणवीसांनाच २०१४ ते २०१९ मध्ये जमलं. बाकी सगळे मधेच गेले, कुणी पक्षाच्या आदेशानं, कुणी न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर, कुणी सरकार कोसळल्यानं.

मुख्यमंत्री होताना आमदार असलंच पाहिजे असं नाही. सहा महिन्यांच्या आत विधानसभा किंवा विधान परिषदेचं सदस्य व्हावं लागतं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. मुदत मे २०२० च्या अखेरीस संपत होती आणि मध्येच कोविड आला, निवडणुका थांबल्या. मंत्रिमंडळानं एप्रिलमध्ये शिफारस केली की राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नामनियुक्त करावं. राज्यपालांनी त्यावर निर्णय घेतला नाही, निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं. आयोगानं परिषदेची निवडणूक लावली, ठाकरे बिनविरोध निवडून आले आणि १८ मे ला त्यांनी शपथ घेतली.

मंत्री कोण, खातं कुणाला, हा सर्वस्वी मुख्यमंत्र्यांचा अधिकार. राज्यपाल त्यांनी पाठवलेल्या यादीवर सही करतात. यादीच्या लांबीला मात्र २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं लगाम घातला. विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत. आपल्याकडे २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाहीच. तरी १९७८ पासून ते महाराष्ट्रात आहे. पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे. नावात नाशिक असलं तरी ते भंडाऱ्याकडचे.

पालकमंत्रीही घटनेत सापडणार नाही. पण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तो, निधीची पहिली चावी त्याच्याकडे. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्रिपदी गिरीश महाजन यांचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकीला स्थगिती मिळाली. तेव्हा अनेकांनी मला विचारलं की राज्यपाल यात काही करत का नाहीत. करू शकत नाहीत. हा मुख्यमंत्र्यांचा आणि त्यांच्या आघाडीचा प्रश्न.

राज्यपालांच्या स्वतःच्या हातात काय?

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळे वाद इथं जन्मतात.

निवडणुकीत एका पक्षाला स्पष्ट बहुमत असेल तर राज्यपालांना काही ठरवायचंच नसतं. त्रिशंकू विधानसभा आली की ठरवायची वेळ येते. सरकारिया आयोगानं ऐंशीच्या दशकात एक क्रम सुचवला. आधी निवडणुकीपूर्वीची आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जमलेली आणि सगळे सत्तेत सहभागी असलेली आघाडी, शेवटी बाहेरून पाठिंब्यावरची. हा क्रम घटनेत लिहिलेला नाही, त्यामुळे तो पाळायचा की नाही यावरच भांडण होतं.

२०१९ चा नोव्हेंबर आठवा. निवडणुकीपूर्वीची भाजप-शिवसेना युती मुख्यमंत्रिपदावरून फुटली. राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी एकेका पक्षाला विचारलं, कुणालाच मुदतीत आकडा दाखवता आला नाही आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. राज्याच्या इतिहासातली तिसरी. त्याआधी २०१४ मध्ये महिनाभर होती, आणि पहिली फेब्रुवारी १९८० मध्ये, जेव्हा इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारनं शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारसह नऊ राज्यांतली सरकारं बरखास्त केली. जनता पक्षानंही १९७७ मध्ये नऊ काँग्रेस सरकारांचं तेच केलं होतं. २०१९ ची राजवट उठली ती २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. माझ्या घरी दूधवाल्यानं ती बातमी दिली. मी त्याला "कालची असेल" म्हणालो.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सभागृहात मतदान घ्या, गुप्त नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. न्यायालयाला हे इतकं ठामपणे सांगता आलं त्यामागं १९९४ चा एस. आर. बोम्मई निकाल आहे. नऊ न्यायाधीशांनी तेव्हा ठरवलं की सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो हेही त्याच निकालात आलं. एके काळी एकाच फटक्यात नऊ सरकारं जात होती, ती पद्धत या निकालानंतर बंद पडली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत राज्यांच्या बाबतीत याहून महत्त्वाचा निकाल नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यावर राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला घटनापीठानं निकाल दिला. चाचणी बोलावण्यासाठी राज्यपालांपुढं पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, पक्षातलं भांडण सोडवण्यासाठी हे साधन वापरायचं नाही. पण ठाकरेंनी स्वतः राजीनामा दिला होता, म्हणून त्यांना परत बसवता येणार नाही, आणि नंतर शिंदेंना बोलावणं योग्यच होतं. निकाल वाचून दोन्ही बाजूंचे लोक आपण जिंकलो म्हणाले. राज्यपालांनी आपल्या अधिकाराची रेषा कुठं ओलांडली, हे त्यात नेमकं लिहिलंय ते फार थोड्यांनी वाचलं.

दुसरा वाद नाशिकमधूनच न्यायालयात गेला होता. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांना राज्यपाल विधान परिषदेवर नेमतात. ७८ पैकी १२ जागा. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारनं बारा नावं पाठवली आणि ती राजभवनात पडून राहिली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती नाशिकच्या एका रहिवाशानं. ऑगस्ट २०२१ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, त्यांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत हो किंवा नाही सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे, आणि आठ महिने ही वाजवी मुदत नव्हे. तरीही निर्णय झाला नाही. सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, आणि बारापैकी सात जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारच्या शिफारशीनं भरल्या. त्यात नाशिकचे पंकज भुजबळ होते. कोणत्याही पक्षाचा असो, एखाद्या फायलीवर ‘नाही’ न म्हणता वर्षानुवर्षं बसून राहणं मला न पटणारं आहे. नकार दिला तर त्याला आव्हान देता येतं, मौनाला तसं सहज देता येत नाही.

विधेयकांचंही तेच. विधिमंडळानं मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. ते संमती देऊ शकतात, फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. किती दिवसांत, ते घटनेत लिहिलेलं नाही. तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी मुदती आखून दिल्या. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही, मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही धरता येणार नाही, पण राज्यपालांना कारण न देता अनिश्चित काळ विधेयक अडवून धरता येणार नाही. तसं झालं तर न्यायालय त्यांना निर्णय घ्या एवढं सांगू शकतं. या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. त्यांचे वडील रा. सू. गवई स्वतः बिहार आणि केरळचे राज्यपाल होते.

अधिवेशन नसताना तातडी आली तर राज्यपाल अध्यादेश काढतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण २०२५ मध्ये आधी अशाच वाटेनं आलं. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत विधिमंडळानं मंजूर केलं नाही तर अध्यादेश आपोआप संपतो.

सुरगाण्याची मुलगी

आमच्या भागातल्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. तिथं सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी येते. राज्यपालांबद्दल तिला माझ्या इतर सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त माहिती होती, कारण तिची नोकरी राज्यपालांच्या एका अधिसूचनेवर अवलंबून होती.

नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके आणि इतर काही तालुक्यांचे भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं राज्यपालांचे अधिकार वेगळे आहेत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्राला लागू नाही किंवा अमुक बदलांसह लागू, असं ते जाहीर करू शकतात. आदिवासींच्या जमिनींचं हस्तांतर रोखण्यासाठी, सावकारीवर नियंत्रण ठेवण्यासाठी नियम करू शकतात. या क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना पाठवायचा असतो. हे अधिकार स्वतःच्या विवेकानं वापरायचे की मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, हा वाद जुना आहे.

२०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांमधूनच भरायचं ठरलं. पुढं अशी सतरा संवर्गांतली पदं त्यात आली. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातल्या अशाच आदेशाबद्दल सांगितलं की पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरून शिक्षकांच्या शंभर टक्के जागा राखून ठेवता येणार नाहीत, समान संधीचा मूलभूत हक्क त्याच्याही वर आहे. महाराष्ट्रातली भरतीही मग कोर्टकचेरीत अडकली. २०२४ मध्ये निवड झालेले आणि नेमणूक न मिळालेले तरुण नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर आंदोलनाला बसले, त्यात ती होती. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही नामधारी म्हणता. आमच्याकडे त्यांच्या एका सहीवर घरात पगार येतो." तेव्हापासून मी ‘नामधारी’ हा शब्द सुट्टा वापरत नाही, त्याच्यापुढं पाचवी अनुसूची जोडतो.

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. मुक्त विद्यापीठ आणि म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्हींच्या कुलगुरूंची नेमणूक तेच करतात. हा अधिकार मात्र घटनेनं नव्हे, विद्यापीठांच्या कायद्यांनी दिलेला आहे, त्यामुळे विधिमंडळ तो बदलू शकतं. डिसेंबर २०२१ मध्ये तसं विधेयक मंजूरही झालं होतं, पण पुढच्या सरकारनं ते मागे घेतलं.

आणि राज्यपालांना कोण हलवतं? त्यांची मुदत पाच वर्षांची, पण ‘राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत’. म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची. मुख्यमंत्र्याला घालवायला विधानसभा लागते, राज्यपालांच्या बदलीला दिल्लीचा एक आदेश पुरतो. सगळ्यात जास्त काळ इथं राहिले ते पी. सी. अलेक्झांडर, १९९३ ते २००२. सेना-भाजप युतीचं पहिलं सरकार आणि नंतरचं आघाडी सरकार, दोन्ही त्यांनी पाहिली. एकाच व्यक्तीकडे दोन राज्यं देण्याची सोय १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं केली. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा कार्यभार आला, तो या सोयीनंच.

झेरॉक्सच्या दुकानात हे सगळं काही मी काकांना सांगितलं नाही. जीआरचं पहिलं पान उलटून विभागाचं नाव दाखवलं आणि म्हणालो, "काका, ज्याचं नाव तळाशी आहे त्याला नको, ज्याचं नाव डोक्याशी आहे त्याला लिहा. अट सातबाऱ्याची आहे. ती शिथिल करायची तर याच विभागाला करावी लागेल." दुकानातल्या बाकावर बसून अर्ज लिहिला. एक प्रत त्या खात्याच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला, एक मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाला, एक त्यांच्या आमदारांना, कारण सभागृहात प्रश्न विचारणार ते. काकांनी तिन्ही प्रतींवर सही केली, पट्ट्यांच्या झेरॉक्स टाचल्या आणि चौथी प्रत मागितली.

"राज्यपालांना?" मी विचारलं.

"नाही. माझ्याकडे ठेवायला. पोच घ्यायची आहे ना."